पाण्याच्या छताला लटकलेली अळी

प्रिय बाबा,

तुम्ही हॉस्पिटलच्या खाटेवरून उठून, कुणालाही न सांगता आत्याकडे निघून गेलात, त्याबद्दल मी रागावलेलो नाही. हे आधीच लिहितो, नाहीतर तुम्ही पुढचं वाचणार नाही. आत्याचा फोन आला होता. म्हणाली, "तुझा बाप माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलतोय, आणि वर मलाच सांगतोय की डॉक्टरांनी सोडलं!" मी म्हटलं, सोलू दे. फक्त काही उचलू देऊ नकोस. आणि आडवं झाल्यावर पोटावरचा हर्नियाचा फुगवटा आत जातो का, तेवढं विचार. ज्या दिवशी तो आत जाणार नाही, कडक होऊन दुखायला लागेल, त्या दिवशी आतडं अडकलेलं असेल, आणि मग ऑपरेशनला फारसा वेळ हातात नसेल. डॉक्टर हे तुमच्यासमोरच बोलले होते. तुम्ही तेव्हा खिडकीबाहेर बघत होतात.

आमच्या प्रयोगशाळेत सध्या पाण्यातल्या भुंग्यांच्या अळ्या आहेत. प्रयोगशाळा चालवणाऱ्या बाई या अळ्यांच्या पोटाच्या स्नायूंचा अभ्यास करतात. मी टाक्यांचं पाणी बदलतो, काचेवर पातळ काप घेतो, चित्रं काढतो आणि नावं लिहितो. नववीत शाळा सुटलेल्या मुलाला बाईंनी अक्षर आणि शुद्धलेखन बघून कामावर घेतलं, हे गोदामातल्या सगळ्या हमालांना तुम्ही सांगून झालंय, काहींना दोनदा.

दुपारी टाकीवर ऊन येतं आणि पाणी हिरवं होतं. तळातून एखादी अळी सावकाश वर येते, शेपटीचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवते आणि डोकं खाली सोडून लटकत राहते. तिची श्वासाची भोकं तिथेच, शेपटीच्या टोकाशी असतात. पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे तिचं छत. ना खिळा, ना दोरी, तरी लटकलेली. बघता बघता मलाही वाटायला लागतं की आपण सगळे असेच कशाला तरी अलगद टेकून लटकलोय, आणि खाली नुसता हिरवा उजेड आहे. मग बाई म्हणतात, "झोपलास की काय रे?" तेवढ्यात अळी पोटाला एक झटका देते, धनुष्यासारखी वाकते आणि दिसेनाशी होते.

तो झटका कुठून येतो ते मायक्रोस्कोपमध्ये दिसतं. पोट म्हणजे एकापुढे एक कड्या, आणि दोन कड्यांच्या मधे मऊ कातडी. आतून एका कडीपासून पुढच्या कडीपर्यंत स्नायूंच्या लांब पट्ट्या, पाठीकडून आणि पोटाकडूनही. शिवाय काही तिरक्या. आणि काही पाठीपासून थेट पोटापर्यंत उभ्या, त्या आवळल्या की अळी चपटी होते. डबा द्यायला आलात तेव्हा तुम्ही डोळा लावून ओरडलात, "अरे, हा तर ट्रकवर आवळलेला माल!" बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग तुम्ही गंभीरपणे विचारलंत, "पण गाठ कुठे मारलीय?" गाठ नसते, बाबा. स्नायू आतून कवचालाच धरून असतात. कवच कडक असतं, म्हणून त्यांना ओढता येतं.

परवा एका अळीने कात टाकली. नवी अळी पांढरीफटक आणि मऊ. स्नायू सगळे जागच्या जागी होते, पण धरून ओढायला कडक असं काहीच नव्हतं. ती तळाशी गवताला लागून पडून राहिली. मी घाबरून बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "काही झालं नाही तिला. तू फक्त टाकी हलवू नकोस." मी खुर्ची ओढून बसलो. संध्याकाळपर्यंत तिच्यावर तपकिरी रंग चढला आणि ती श्वास घ्यायला वर आली.

तिच्याकडे बघताना मला तुमची ती खाट आठवत होती. तुम्ही सिस्टरना विचारलंत, "पोतं कधी उचलायचं?" त्या म्हणाल्या, "आजोबा, आता पोती बास. थोडे दिवस लोकांकडून करून घ्या." त्यानंतर तुम्ही जेवला नाहीत. आत्या म्हणते, तुम्ही सुरीला घाबरून पळालात. मला तसं वाटत नाही. दुसऱ्याने उठवायचं, दुसऱ्याने बसवायचं, पाणी मागायचं, याला तुम्ही घाबरलात. भीतीचं म्हणाल तर, एकट्याने गावाबाहेर जायलाही घाबरणाऱ्या माझ्याइतकी ती घरात कुणाला कळते? पोती गेल्यावर तुम्ही काय कराल ते मला माहीत नाही. पण तुम्ही पडून असाल तेव्हा शेजारी बसायला मला नीट येतं, हे परवा कळलं.

हे सगळं तोंडाने सांगायला गेलो की तुम्ही ओरडता, मग मी ओरडतो, आणि मुद्दा राहून जातो. म्हणून लिहिलं. पोस्टाने पाठवायचा धीर नव्हता, वाटेत फार दिवस गेले असते. डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी उद्या सकाळची वेळ दिली आहे आणि परतीची बस आज संध्याकाळची आहे. तुम्ही आत झोपला आहात, घोरणं इथपर्यंत ऐकू येतंय. मी आत्याच्या दाराबाहेर पायरीवर बसलोय. एकटा एवढ्या लांब पहिल्यांदाच आलो. आत्या हा कागद तुमच्या उशाशी ठेवेल. वाचून झालं की लगेच उठू नका. आधी कुशीवर वळा आणि मला हाक मारा, मी हात देतो.

तुमचाच,
पायरीवर बसलेला