खांबाची सावली दुप्पट झाली की

अहो,

ताईला बाळंतपणासाठी सांगलीला दवाखान्यात नेलंय, म्हणून मी दहाच्या एस.टी.नं निघाले. उद्या येईन. आमटी करून ठेवलीय, भात तेवढा तुम्ही लावा. कधी लावायचा ते आपली ब्राह्मी सांगेल, घड्याळ बघू नका.

ती रोज वाळलेले कपडे काढताना दोरीच्या खांबाची सावली पावलांनी मोजते आणि मला भाताची वेळ सांगते. आपलं जेवण एकदाही दिवस बुडायच्या पुढं गेलेलं नाही. सोमवारी त्याच वेळी मी मोजली तर अठरा पावलं भरली. ती म्हणाली बावीस. चुकलीस, म्हटलं. तर तिनं खांबाच्या उंचीएवढी दोरी अंगणात पसरली. माझी नऊ पावलं, तिची अकरा. "आई, पाय कुणाचा का असंना, सावली खांबाच्या दुप्पट झाली की भात टाकायचा." हे तिला कुणी शिकवलं? मी तर नाही. शाळेतही अजून आलेलं नाही.

मंगळवारी एकोणीसच्या पाढ्यावरून तुम्ही तिला पट्टी मारलीत. तेव्हापासून ती तुमच्यासमोर गप्प असते. आज पाढे विचारू नका. संध्याकाळी चप्पल काढून खांबाजवळ जा. पप्पांची किती पावलं भरतील, हे ती रोज मलाच विचारतेय. मी म्हटलं, त्यांनाच विचार. ती म्हणाली, तूच विचार.

विचारलं.

गुणमाला