दुसऱ्या रिमोटवरची पट्टी

१० नोव्हेंबर, सोम.
दुपारी सेतू केंद्रात सर्व्हर बसला. उत्पन्नाच्या दाखल्याला आलेली माणसं भिंतीला टेकून बसली, मी फोन काढला. मिलिंदने पोस्ट टाकलीय. लग्नाला सहा वर्षं झाली, या माणसाने किराण्याची यादीसुद्धा कधी स्वतःच्या हाताने लिहिली नाही, आणि इथे चक्क चौदा ओळी. '२००४ चे माझे आवडते गेम – पहिला.' आठवीत असताना मामाने नागपूरहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता म्हणे. त्याच्या गावात, एकोडीत, तसा एकच. कॅसेटवर ९९९९ गेम छापलेले, निघाले सात. नावं चिनी का जपानी, कोणाला वाचता येईनात, म्हणून मग यांनीच ठेवली. पहिला 'कोंबडीवाला'. विटांच्या घरात कोंबडी बसलेली, चहूकडून रणगाडे येतात, तिला वाचवायचं. (ती कोंबडी नव्हती, गरुड होता, हे साहेबांना पंचविशीत कळलं.)
चांगलं लिहिलंय. हसले. मग परत वाचलं.
आम्ही जिंकलो, आम्ही ठरवलं, आम्ही ओरडलो. चौदा ओळींत नऊ वेळा 'आम्ही'. मोजले. हे आम्ही कोण?

११ नोव्हें.
सकाळी चहा घेताना सहज विचारल्यासारखं विचारलं. सहज कसं विचारायचं त्याची तयारी रात्रीपासून चालली होती.
"तुमच्या त्या पोस्टमंदी आम्ही म्हंजे कोन?"
"पिंकी. समोरच्या मास्तरची पोट्टी. गेम माहा होता, कलर टीव्ही तिच्या घरी." आणि बिस्किट बुडवलं.
झालं. जशी काही पिंकी म्हणजे गल्लीतली हापसी.
त्याच्या सगळ्या मित्रांची नावं मला पाठ आहेत. कोणाला विंचू चावला, कोण दहावीत तीनदा बसला, सगळं. पिंकी हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं. साधी गोष्ट असती तर सहा वर्षांत एकदा तरी...

१३ नोव्हें.
दुसरा गेम. याचं नाव 'नागझिरा'. कारण त्यात जंगल आहे आणि दोघं जण बंदुका घेऊन पळतात. लोडशेडिंगचं वेळापत्रक मास्तरांच्या टेबलाच्या काचेखाली असायचं, ते बघून हे दोघं भेटायची वेळ ठरवायचे. मला बघायला आला होता तेव्हा दीड तास उशिरा आला होता हा माणूस.
पुढे लिहितो, 'पिंकीचे तीन जीव लवकर संपत. मग मी माझ्यातला एक जीव तिला देत असे.'
देत असे! हे असे-बिसे कुठून शिकला? घरी तर 'मीठ दे' याच्यापुढे भाषा जात नाही. गेल्या महिन्यात मला ताप होता तेव्हा गोळी घेतली का विचारलं आणि मॅच बघत बसला. तिला जीव दिले.
खाली पिंकीची कमेंट. तीन हसरे चेहरे, शब्द एकही नाही. एखादा शब्द असता तर त्याचा अर्थ तरी लावत बसले असते.

१४ नोव्हें.
तिचं प्रोफाइल उघडलं. रायपूरला असते. नवरा, एक मुलगी. समुद्रावरचा फोटो, केस मोकळे. माझा फोन म्हणजे मिलिंदचा जुना फोन, डाव्या कडेला बोट चालत नाही, त्यामुळे मागे जाता येईना. बसले तिच्या फोटोवरच अडकून. शेवटी फोन बंद करून चालू केला.
मी जळतेय कोणावर, तर आठवीतल्या पोरीवर. पस्तिशीला टेकलेली बाई मी. लिहून ठेवते, वाचताना लाज तरी वाटेल.
वाचलं. नाही वाटली.

१६ नोव्हें., रवि. एकोडी
धानाची मळणी. मिलिंद मशीनजवळ, मी आणि सासूबाई घरात. सुपारी कातरता कातरता त्यांना गेमबद्दल विचारलं. म्हणाल्या, "थो डब्बा? दिवसभर टुकटुक टुकटुक. पन पिंकी लय गुनाची पोट्टी होती. कधी जिद्द नाही केली. जे देल्लं ते घे."
लय गुणाची. माझ्याबद्दल शेजारणीने विचारलं तर त्या म्हणतात, 'बरी आहे.' सहा वर्षांपासून मी बरी आहे.
डबा कुठेय विचारलं. लोखंडी पेटीत तळाशी निघाला, त्याच्या आठवीच्या शर्टात गुंडाळलेला. डबा, वायरी, कॅसेट, दोन रिमोट. एका रिमोटवर काहीच नाही. दुसऱ्यावर पिवळी पडलेली चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनाने लिहिलंय 'पिंकी'. अक्षर मिलिंदचंच. एकवीस वर्षं ते नाव त्याच्या शर्टात झोपलं होतं.
पिशवीत खाली डबा, वर वालाच्या शेंगा. साकोलीला घरी पोचेपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. काय आहे, त्याने विचारलं नाही.

१९ नोव्हें.
केंद्रातून येताना बसस्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे डबा टाकला. अडॅप्टर गेलेला होता, बाकी ठीक म्हणाला. भाच्यासाठी का? हो म्हटलं.
दिवसभर मी लोकांची नावं टाईप करते. आज अर्जदाराचे नाव या रकान्यात 'पिंकी' टाईप झालं. तो म्हातारा समोर बसलेला. माफी मागितली त्याची.

२१ नोव्हें.
केंद्र दुपारनंतर बंद. मिलिंद कॉलेजच्या लॅबमधून साडेपाचशिवाय येत नाही. डबा जोडला.
मुद्दाम तिचाच रिमोट घेतला. तिने कसा धरला असेल, बघायचं होतं. नागझिरा लावला. माझा माणूस उजवीकडे पळतो, उड्या मारतो, गोळ्या झाडतो. डावीकडे काही केल्या वळत नाही. मागून कोणी आला की खलास. दोन मिनिटांत तिन्ही जीव गेले. पेटीत पडून पडून बटण गेलं असणार.
मग पहिला रिमोट घेतला. चाललं की! जमायला लागलं. एका जागी धबधबा आहे, तिथपर्यंत गेले. तास कधी गेला समजलं नाही. असं हातापायांत वारं शिरल्यासारखं किती दिवसांनी वाटलं. मग आठवलं की हे त्यांचं आहे आणि मी चोरून खेळतेय.
सगळं गुंडाळून तांदळाच्या कोठीमागे ठेवलं. ठेवण्याआधी पट्टी नखाने खरवडली. अनुस्वार निघाला. पिकी. बरं वाटलं.

२४ नोव्हें.
तिसरा गेम 'फटफटी'. मोटारसायकलची शर्यत, एकट्यानेच खेळायची. 'मी चालवायचो, पिंकी शेजारी बसून बघायची.' मी पण त्याच्या गाडीवर मागेच बसते. त्यावर कधी चौदा ओळी नाही आल्या.
आज पिंकीने शब्द लिहिले. शनिवारी चुलतभावाच्या लग्नाला साकोलीत येतेय, रविवारी घरी येऊ का? मिलिंदचं उत्तर, 'नक्की ये. आम्ही वाट पाहतो.'
म्हणजे आम्हीत एकदाची मी आले. तेही तिची वाट बघायला.
मला आम्ही नकोच होतं खरं तर. आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. माझ्याकडे बघून त्याने एकदा 'आपण' म्हणावं. आपण जाऊ, आपण करू, कशाचंही चालेल. तो म्हणतो, मी बाजारात चाललो, तुले काही पाहिजे का.

२८ नोव्हें.
पडदे धुतले. पंखा पुसला. निळी साडी काढली, परत ठेवली, परत काढली. मिलिंद म्हणाला, "कायले एवढं करून राहिली? पिंकीच तं येऊन राहिली."
'च' म्हणाला. पिंकीच. त्या 'च'चा अर्थ कसा लावायचा यात संध्याकाळ गेली.

३० नोव्हें., रवि.
आली. एकटीच, नवरा आणि मुलगी लग्नघरी. फोटोतल्यापेक्षा जाड, चष्मा, मोठ्याने हसणारी. ती वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. आल्या आल्या स्वयंपाकघरात येऊन पोहे परतायला लागली आणि वहिनी वहिनी करत तिच्या सासूच्या तक्रारी सांगितल्या. मला आवडायला लागली होती, त्याचाही राग आला.
पोहे झाल्यावर मी कोठीमागून डबा आणला आणि दोघांच्या मधे ठेवला. पोलीस पुरावा ठेवतात तसा. मिलिंद बघतच राहिला. कुठून काढलं, चालू कसा झाला, तुला कसं... मी तिच्या तोंडाकडे बघत होते.
तिने सरळ पट्टीवाला रिमोट उचलला. नावावरून अंगठा फिरवला, मग डाव्या बटणावर ठेवला.
"हे अजूनबी नाही चालत?"
मी म्हटलं, अजूनही म्हणजे?
मग तिने सांगितलं. पहिल्याच आठवड्यात तो रिमोट मिलिंदच्या हातून पायरीवर पडला आणि डावं बटण गेलं. त्याच दिवशी याने पट्टी चिकटवून तिचं नाव टाकलं, म्हणजे अदलाबदल व्हायला नको. तिला सांगितलं, तुझ्या बोटात जोर नाही. मागून कोणी आला की ती मरायची आणि हा आपला एक जीव द्यायचा.
"वहिनी, सा महिने मले वाटे का मलेच खेळता येत नाही. पट्टीवर माहं नाव होतं ना. एक दिवस हा मामाच्या गावाले गेला, गेम माह्या घरीच होता. मी पैला रिमोट घेतला. मानूस डावीकडं गेला. मी रडली बसून."
"मंग सांगतलं काहून नाही याले?"
"सांगतलं असतं तं खेळाले कोनं घेतलं असतं? गेम याचा होता."
मिलिंद हसत होता. कान लाल, पण हसत होता. "अवं, उजवीकडंच तं जायचं असते त्या गेममंदी," म्हणाला.
पिंकीने पेढ्यांचा रिकामा डबा त्याच्या डोक्यात घातला. "चोर आहेस तू. तवाबी होता, आताबी आहेस." तोही खो-खो हसला. मग दोघं कोंबडीवाला खेळले. तिने पहिला रिमोट घेतला, त्याला विचारलंसुद्धा नाही. कोंबडी दोनदा मेली.
तिला गाडीपर्यंत सोडायला मीच गेले. निघताना माझा हात धरला आणि म्हणाली, "मानूस वाईट नाही तो, वहिनी. त्याले दिसत नाही." मला माहीत आहे. तिने सांगायची गरज नव्हती.

१ डिसें.
दोन आठवडे ज्या पट्टीवर जळले ती अशी निघाली. हायसं वाटायला पाहिजे.
नाही वाटत. आता वेगळंच जळतंय. त्याच्या तोंडावर चोर म्हणाली ती, आणि तो हसला. मी सहा वर्षांत त्याला 'हे चुकलं तुमचं' एवढंही... म्हटलंच तर तो गप्प होतो, दोन दिवस जेवण मुकाट्याने होतं, मग मीच बोलते. तिला हे कसं जमतं? रायपूरला राहून जमतं, का आठवीपासून सोबत असलं की जमतं?
आज चौथी पोस्ट. जुनी मैत्रीण भेटली, जुना गेम भेटला, 'आम्ही खूप हसलो'. पट्टीबद्दल एक ओळ नाही. या आम्हीत मी आहे का, ते बघायला परत मागे पोस्टवर जायचं होतं. फोनने ऐकलं नाही. डावी कड.


२ डिसें.
गाडी शिकायची म्हटलं होतं मी, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. तो म्हणाला होता, तुला नाही जमत, बॅलन्स नाही तुझ्यात. जुन्या स्कूटीवर दोन दिवस शिकवलं होतं, तिचा डावा ब्रेक लागत नव्हता. मला ते आज आठवलं. तेव्हा मला वाटलं होतं...
भात लागला. आज एवढंच.

३ डिसें.
मिलिंद आज लवकर आला. लॅबमधून पांढरी चिकटपट्टी आणली होती, बाटल्यांवर नावं टाकायची असते ती. टीव्हीपुढे बसला, जुनी पट्टी काढली, नवी लावली आणि जीभ दातांत धरून, शाळेतल्या पोरासारखं सावकाश, पेनाने लिहिलं. मग रिमोट माझ्यापुढे धरला.
'सुजाता'.
अक्षर तेच. 'ता'चा काना जरा वाकडा. सहा वर्षांत त्याने माझं नाव आपल्या हाताने कशावर लिहिलं असेल तर ते बहुतेक पहिल्यांदाच. मला रडू आलं, ते त्याला दिसलं आणि तो खूश झाला. त्याला वाटलं, झालं सगळं नीट.
"चाल, आपुन खेळू," म्हणाला.
आपुन म्हणाला. ऐकलं मी.
मी म्हटलं, बटण तेच आहे ना? तर म्हणाला, त्यानं काय होते, मी देतो ना जीव. मग आधी चहा पिऊ म्हणाला, आणि दूध संपलं म्हटल्यावर स्वतःच उठून आणायला गेला. याच्याआधी कधी असा उठला, आठवत नाही.
पडद्यावर नागझिरा थांबवून ठेवलाय. दोन्ही रिमोट माझ्या मांडीवर आहेत. पट्टीचा कोपरा नखाने उचलून बघितला. नवी आहे, लगेच सुटते, दुसऱ्यावर बसेलही. आत्ता फाटक वाजलं.