भिंतीला लावलेलं टेबल

ता. ५ ऑक्टोबर

चि. थोरल्यास अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण, एक टेबल. हसू नकोस. तू इतकी वर्षं लोकांची जुनी टेबलं घेतोस, घासतोस, चकचकीत करून दुसऱ्या लोकांच्या गळ्यात मारतोस. बापासाठी आजवर एक स्टूलसुद्धा आणलं नाहीस. आमचा पत्त्यांचा डाव अजून जेवणाच्या टेबलावर चालतो. तुझ्या आत्याला टेबलाचा पाय गुडघ्यात लागतो. शेजारचे कंपाउंडरकाका आपली पानं मिठाच्या बरणीला टेकवून ठेवतात, ती मला सगळी दिसतात. दिसतात, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

तर जुन्या काळचं, खास पत्त्यांसाठी केलेलं टेबल बघ. वर हिरवी बनात हवी, म्हणजे ते जाड लोकरी कापड. छत्तीस इंच बाय छत्तीस इंच. जागा मी दोनदा मोजली आहे. शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात जन्म गेला, माझं माप चुकत नाही. चौघांना ऐसपैस बसता आलं पाहिजे. आम्ही तिघं म्हातारे रिकामेच असतो आणि बारकीलाही दुपारी तीननंतर काही काम नसतं, म्हणजे डाव आता जन्मभराचा.

सूनबाईंना आशीर्वाद. वडिलांवर लोभ आहे असं दर पत्रात लिहितोस. तो या वेळी चार पायांवर चालत येऊ दे.

— बाबा

ता. ९ ऑक्टोबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र पोचलं असेल. ते टेबल शोधू नकोस. सापडलं तरी नाही सापडलं म्हणून कळव.

कारण सांगते. मी सकाळी ज्या नर्सरीत कलमं बांधायला जाते, तिच्या मालकीणबाईंची मोठी नर्सरी वर डोंगरात आहे, इथून एक दिवसाच्या प्रवासावर. तिथली कलमांची शेड सांभाळायला त्यांनी मला विचारलंय. राहायला खोली देणार आहेत. तीस नोव्हेंबरपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. दादा, मी अडतीस वर्षांची झाले आणि पहिल्यांदाच मला कुणी कुठे ये म्हणालंय. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात सामान बांधते आणि सोडते.

माझी खुर्ची तुला आठवत असेल, ती तुझीच होती. एका बाजूला कपाट, मागे भिंत. बाहेर पडायचं तर आधी आत्याला उठवावं लागतं, आणि आत्याचे गुडघे उठताना काय काय बोलतात ते तुला ठाऊक आहे. म्हणून तीन ते सात मी पाणीसुद्धा पीत नाही. आई गेली तेव्हा आठवडाभर बसते म्हणाले होते, त्याला सहा वर्षं झाली. जोडीदार कंपाउंडरकाका. माझं पान चुकलं की ते रागावत नाहीत, नुसता चष्मा पुसतात. रागावले असते तर बरं झालं असतं.

कुणीच वाईट नाही, हीच तर अडचण आहे. भांडायचं तर कुणाशी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही मऊ हातांचा. आजवर मी मनाला सांगायचे की हे जेवणाचं टेबल आहे, म्हणजे डाव तात्पुरता आहे. एकदा खास टेबल आलं की संपलंच.

वहिनीला यातलं सांगितलंस तरी चालेल, ती हसणार नाही. तुझा लोभ आहेच. या खेपेला तो कामी आण.

— बारकी

ता. २० ऑक्टोबर

चि. बारकीस पोतंभर आशीर्वाद.

सापडलं नाही असं कसं लिहू? शोधत होतो तेव्हा वर्षानुवर्षं एक मिळालं नाही आणि आता तुझ्या नशिबानं आठवड्यात तीन पुढ्यात आली. एक पाकिटासारखं आहे: वरचे चार त्रिकोण चारी बाजूंना उघडले की आत बनात. फार देखणं, पण पायांना किडीची भोकं, टिचकी मारली की पीठ पडतं. दुसरं लोखंडी पायांचं, घडीचं, तितकंसं जुनं नाही. त्याच्या बनातीवर कपांचे गोल डाग आहेत आणि विकणारा म्हणतो की ती अस्सलपणाची खूण आहे. तिसरं महोगनीचं, अर्धगोल. मिटलेलं असताना भिंतीला लावून ठेवायचं; मागचा पाय ओढून वरची फळी उलटली की पूर्ण गोल होतं. तुझी वहिनी त्याच्याकडे अशी बघते की ते लवकर घराबाहेर काढलेलं बरं.

आता खुर्चीचं. एकोणिसाव्या वर्षी मी दोन महिन्यांत येतो सांगून निघालो आणि मी येईपर्यंत म्हणून आई तिथे बसली. त्याआधी ती दुपारी वाचनालयात जायची, आठवतं? मी परत आलो तो नेहमी पाहुणा म्हणून, दोन दिवसांसाठी, आणि आई उठलीच नाही. मी सुटलो म्हणून ती अडकली, ती गेली म्हणून तू. हे मला टोचतं, आज लिहून टाकतो.

इतक्या लांबून तुला धीर देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तरीही सांगतो, बाबांशी सरळ बोल. फार तर चार दिवस अबोला धरतील.

भावावर राग असला तरी लोभ कमी करू नकोस.

— दादा

ता. ४ नोव्हेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

बोलायला गेले होते. बाबा फरशीवर खडूनं टेबलाची जागा आखत होते. चार खुर्च्यांच्या चार खुणा. माझ्या खुणेपाशी त्यांनी ‘बा’ लिहिलंय. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले की हल्ली तुझी पाठ दुखते, म्हणून तुझ्या बाजूला दोन इंच जास्त सोडलेत.

दादा, त्या दोन इंचांवर पाय न देता मी तशीच स्वयंपाकघरात परतले.

नर्सरीच्या बाईंना नकाराचं पत्र लिहिलं आहे. पाकीट चिकटवून कपाटात ठेवलंय. टाकायचा धीर होत नाही, फाडायचाही होत नाही. तू टेबल पाठवून दे. निदान एकाच्या तरी मनासारखं होऊ दे.

लोभ आहे तसा राहो. बाकी काही मागत नाही.

— बारकी

ता. १४ नोव्हेंबर

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

टेबल टेम्पोनं रवाना केलं आहे. महोगनीचं आहे, तुमच्यापेक्षा वयानं मोठं, त्यामुळे त्याच्याशी जरा आदरानं वागा. चौकोनी नाही, गोल आहे; आत्याच्या गुडघ्यांना कोपरे लागू नयेत म्हणून.

एक गोष्ट मात्र मन लावून वाचा. वरची फळी उघडायला जाऊ नका. हवा बदलल्यानं लाकूड आवळलं आहे आणि बिजागऱ्या जुन्या आहेत, जोर केलात तर फळी चिरेल. वर्षभर तरी मिटलेलंच भिंतीला लावून ठेवा. अर्धगोलाला तिघं आरामात बसतात. चौथ्याची गैरसोय होईल, त्याची माफी मागतो. मूळची बनात आत अडकली, म्हणून वर घालायला अर्धगोल तुकडा कापून सोबत दिला आहे.

माझ्या हातून असं अर्धवट काम आजवर बाहेर गेलेलं नाही. कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका.

आत्याला आणि काकांना नमस्कार. लोभ असेल तर टेबलावरून वजा करू नये.

— तुमचा थोरला

ता. ३ डिसेंबर

चि. थोरल्यास आशीर्वाद, पण थोडे हातचे राखून.

टेबल मागच्या आठवड्यात मंगळवारी पोचलं. कंपाउंडरकाका फळी ओढून बघणार होते, मी त्यांना हात लावू दिला नाही. तू म्हणतोस लाकूड आवळलं आहे, तर आवळलं असेल.

भिंतीला लावलं. तीन वाजता मी बसलो, तुझी आत्या बसली, काका बसले. बारकी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि उभीच राहिली. बसायला जागाच नव्हती. सहा वर्षांत तीन वाजता मी तिला उभी पाहिली नव्हती. हात कुठे ठेवावेत हे पोरीला कळेना. मी म्हणालो की आजपासून तुला सुट्टी.

ती आत गेली. बऱ्याच वेळानं आली ती डोळे सुजवून, आणि एक बंद पाकीट माझ्या पानांवर ठेवून तिनं सगळं सांगितलं. नर्सरी, डोंगर, खोली, तारीख. आधी का नाही बोललीस, असं मी विचारलं, तर म्हणाली की दोन इंचांमुळे. मला काही उमगलं नाही. आत्याला उमगलं, ती पदरानं डोळे पुसत बसली. मग बारकीनं ते पाकीट आमच्यासमोर फाडलं आणि दुसरं पत्र लिहिलं. रविवारी मी तिला बसमध्ये बसवून आलो. खिडकीजवळची जागा मिळाली.

तू गेलास तेव्हा तुला काय हवंय हे मी विचारलं नव्हतं. तुझी आई त्या खुर्चीत बसली तेव्हा तिलाही विचारलं नव्हतं. चौथं कोण, एवढंच मी बघत आलो. याचं मला फार वाईट वाटतं, आणि ते जिला सांगायचं ती नाही.

तिघांच्या डावात तुझी आत्या मला रोज हरवते. एवढी वर्षं ती जोडीदार म्हणून माझ्या चुका झाकत होती, असं दिसतं.

लोभ दाखवायचाच असेल तर यापुढे पाहुणा म्हणून येऊ नकोस.

— बाबा

ता. क. टेबल आलं त्या दिवशी, तीन वाजायच्या आधीच, मी ते उलटं करून पाहिलं होतं. चाळीस वर्षं मशिनं उघडली, नवा स्क्रू मला कळतो. फळीच्या खालून चार आहेत. काकांना आणि आत्याला बोललो नाही, अळीमिळी गुपचिळी. त्यातला एक सैल होता. तो मी घट्ट केला.