सूनबाईचा आवाज

रिठद, पौष वद्य तृतीया, शके १८५७. संध्याकाळ.

कान गेल्यापासून माणसांतून उठल्यासारखं वाटायचं. आज मात्र वेगळंच घडलं. बायको माहेरी, मुलगा शेतात. दुपारी मला जेवायला वाढायला सूनच, गंगा. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण माझ्याशी बोलायची ती दाराआडून, तेही सासूमार्फत. आजही आडूनच काही म्हणाली असेल, मला कळलं नाही. मी हात धुवायला उठू लागलो, तशी ती बाहेर आली, समोर बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "मामाजी, उठू नका. भाकर तव्यावर हाय."

किती खणखणीत आवाज. कान धड होते तेव्हा कधी ऐकलाच नाही.

"असं मोठ्यानं बोलाले कुठं शिकली?" मी विचारलं.

ती हसली. "माह्या बाबालेबी ऐकू येत नव्हतं. त्याहिले मी अशीच समोर बसून सांगत होती."

मग बाबांबद्दल, कामरगावच्या त्यांच्या मळ्याबद्दल कितीतरी बोलली. मीही एक भाकर जास्तच खाल्ली. ती समोर येऊन बसली, तेच सारखं आठवतंय. ऐकू येत असतं तर ती दाराआडच राहिली असती, नाही का?

रोज दिवा लावताना देवाजवळ कानांचं गाऱ्हाणं घालतो. आज हात जोडले आणि ते राहूनच गेलं.