माझ्या लायकीचा अपघात

६ जानेवारी १९९८
डायरी सुरू करायला पाच दिवस उशीर. डायरी कंपनीच्या सप्लायरनं उशिरा पाठवली, यात माझा दोष नाही.

यंदाचे संकल्प: पहाटे उठणे, तंबाखू बंद, लोकांच्या उपयोगी पडणे. पहिला थंडी ओसरल्यावर.

आज गेटवर अमरसिंहसाहेबांनी सगळ्यांना उभं केलं. मालकांचा मुलगा. वय सत्तावीस, पुण्यात शिकून आलाय, त्यामुळे उत्साह फार. म्हणाले, गेल्या वर्षी शिरोली फाटा ते पंचगंगा पूल एवढ्या टापूत आपल्या फाउंड्रीतली चार माणसं गाडीवरून पडली आणि चौघांच्या जवळून आपलेच लोक पुढं निघून गेले. म्हणून ज्याच्याकडे मोटरसायकल आहे त्याला प्रथमोपचाराचं ट्रेनिंग. त्यातून एकजण सेफ्टी सुपरवायझर होणार. वेगळी केबिन, टेबल फॅन.

एकवीस वर्षं टाइमकीपरच्या खिडकीत बसून लोकांची हजेरी मांडतोय. मे महिन्यात त्या खिडकीत पापड भाजून निघेल. फॅनसाठी नव्हे, पण नाव दिलं.

१३ जानेवारी
कँटीनमध्ये पहिला वर्ग. शिकवायला धम्मपाल सर. मिलिटरीत जखमींची देखभाल करायचे, आता रिटायर. बोलणं कमी, आवाज मोठा. पहिलाच प्रश्न: पडलेल्या माणसाजवळून न थांबता पुढं कोण कोण गेलंय? हात वर करा.

सगळ्यांत आधी यल्लाप्पानं हात वर केला. यल्लाप्पा आमचा मोल्डर, रायबागकडचा. मला आण्णा म्हणतो, लांबून हाक मारायची तर जोतीरामआण्णा. रोज खिडकीशी थांबून माझी तब्येत विचारतो. लुनावरून येतो. लुनाला मोटरसायकल धरायचं का, हे सरांना विचारणार होतो, राहून गेलं. त्याच्यामागून एकेक करत सगळ्यांचे हात वर. मी केला नाही. मी न थांबता कधी गेलोच नाही, दर वेळी गाडी स्लो केलेली आहे. सर म्हणाले, शाब्बास.

२० जानेवारी, रात्री ९
प्रॅक्टिससाठी घरात क्रांतीशिवाय माणूस नाही. तिचा हात झोळीत बांधला, पाय फळीला बांधला, मान हलू नये म्हणून दोन्हीकडून उशा लावल्या. तेवढ्यात दूध उतू गेलं. ती म्हणाली, 'आता उठू का मरू?' जखमी माणसानं बोलू नये हे तिला सांगितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण शास्त्रीय विषयात तिची साथ नाही.

२४ जानेवारी
रिझल्ट. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. पहिला. यल्लाप्पाला एकवीस, तेही सरांनी दया करून दिले असणार.

पण सरांचं एक खूळ आहे. म्हणे पेपर लिहून कुणी मदतनीस होत नाही. प्रत्येकाला एक गुलाबी कार्ड दिलंय. तीन महिन्यांत एकदा तरी खऱ्या पडलेल्या माणसाला मदत करायची आणि कार्डावर त्याचीच सही नाहीतर अंगठा आणायचा. मुदत २४ एप्रिल. कार्ड कोरं असेल तर सुपरवायझरकी नाही.

किरकोळ गोष्ट आहे. आमच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आहेत, ट्रक आहेत, खड्डे आहेत. महिन्याभरात होऊन जाईल.

३ फेब्रुवारी
फाट्यावर एक दूधवाला किटल्यांसकट पडला होता. गुडघा खरचटलेला. थांबणार होतो. पण खरचटलेल्या गुडघ्यासाठी अठ्ठेचाळीस मार्क कशाला हवेत? ते यल्लाप्पाच्या पातळीचं काम. शिवाय माझी राजदूत एकदा बंद केली की परत चालू व्हायला बारा किका लागतात आणि माझी कंबर आता बारा किकांची राहिलेली नाही.

४ फेब्रुवारी
तो दूधवाला यल्लाप्पाला मिळाला म्हणे. माझ्या मागं दहा मिनिटांनी होता. जखम धुतली, पट्टी बांधली, कार्डावर अंगठा घेतला. दिवसभर सगळ्या खात्यांत कार्ड दाखवत फिरत होता. मला म्हणाला, 'आण्णा, हात लई थरथरत हुता बगा. पर त्यो म्हनला बरं वाटतंय. म्हंजे झालं की.' त्याला विचारलं, पट्टीची गाठ कुठल्या बाजूला बांधलीस? त्याला सांगता आलं नाही. अशा लोकांना कार्डं मिळतात.

११ फेब्रुवारी
पुलाजवळ मोठा अपघात. ट्रक आणि स्कूटर. चाळीस-पन्नास लोक जमले होते. सरांनी शिकवलंय की जखमीभोवती गर्दी वाढू द्यायची नाही. म्हणून वाढवली नाही. न थांबणं हाही एक प्रकारचा प्रथमोपचारच, हे पुस्तकात घालायला हवं.

१८ फेब्रुवारी
तयारी अपुरी होती हे लक्षात आलं. सामान नाही तर माणूस काय करणार? आज हिरवी पिशवी आणली. कापूस, डेटॉल, पट्ट्या, कात्री. क्रांतीनं तिला पट्टा शिवून दिला, लाल फुलीही शिवली. राजदूतचा प्लग बदलला. आता चार किका. आता बघावं कोण पडतंय ते.

अंग दुखतंय. पहाटे उठण्याचा विचार मार्चपासून.

२७ फेब्रुवारी
कुरुंदवाडला लग्न. परत येताना क्रांती मागं बसली होती. वळणावर एक सायकलवाला आडवा, डोकं धरून बसलेला. रस्त्यावर दुसरं कुणी नाही. क्रांतीनं माझा खांदा हलवला, 'आवं थांबा की. पडलाय कोनतरी.' मी तिला समजावलं की तुझी लग्नातली साडी आहे, रक्ताचे डाग जात नाहीत. आणि तो बसलेला होता म्हणजे शुद्धीवर होता, म्हणजे पहिला धोका टळलेला. ती म्हणाली, मी उतरते, तुम्ही जावा. तोवर आपण बरेच पुढं आलो होतो.

हातकणंगल्यापासून घरापर्यंत बोलली नाही. वारा लागला असेल.

४ मार्च
सुरक्षा दिन. कँटीनमध्ये माझं भाषण. विषय 'पहिली दहा मिनिटं'. वाहत्या रक्तावर नुसता हाताचा दाब दिला तरी माणूस वाचतो, हे असं सांगितलं की तिघांनी आपापले हात निरखून पाहिले. टाळ्या. सगळ्यांत जास्त वेळ यल्लाप्पा वाजवत होता. नंतर म्हणाला, 'आण्णा, तुमी बोलायला लागलासा की मानूस मरायचं न्हाय असं वाटतंय.' अडाणी आहे, पण कदर आहे.

धम्मपाल सरांनी शेवटी कार्ड विचारलं. घरी आहे म्हणालो. खरंच घरी होतं.

२३ मार्च
महिना राहिला. आता अपघातच होत नाहीत. लोक एकदम नीट चालवायला लागलेत. मी सकाळ-संध्याकाळ पिशवी घेऊन फिरतोय आणि जे दिसतं ते एकतर फार लहान, नाहीतर फार मोठं, नाहीतर पोलीस केस. साक्षीला कोर्टात वर्षभर हेलपाटे कोण घालणार? माझ्या लायकीचा अपघात मिळणं अवघड झालंय.

क्रांतीला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली, आणि परत थापायला लागली.

२ एप्रिल
उद्या सकाळी आठला अमरसिंहसाहेबांसमोर सुपरवायझरच्या जागेचा इंटरव्ह्यू. शर्ट इस्त्री केला. कार्डाचं नंतर बघू, तीन आठवडे आहेत. थकवा फार. झोप येत नाही.

३ एप्रिल, संध्याकाळ
इंटरव्ह्यू उत्तम. साहेबांनी विचारलं, अपघात दिसल्यावर पहिली गोष्ट कोणती? क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, थांबणे. साहेब खूश. जागा माझीच, फक्त कार्ड भरून द्यायचं.

सकाळी जाताना फाट्याच्या अलीकडे उसाची एक ट्रॉली तिरकी थांबली होती. कडेला लुना पडलेली. माणूसही असावा. सात चाळीस झाले होते आणि अंगावर पांढरा शर्ट. सकाळची रहदारी, कुणी ना कुणी थांबणारच. लुना निळी होती. निळ्या लुना शिरोलीत पन्नास तरी असतील. गाडी स्लो केली होती.

४ एप्रिल
कालची हजेरी आज पुरी केली. यल्लाप्पा गैरहजर, पूर्वसूचना नाही. नियमाप्रमाणे लाल शाईनं खूण. आजही आला नाही. आणखी एक खूण.

दुपारी वॉचमन पिराजी खिडकीशी आला. म्हणाला, यल्लाप्पाला काल फाट्याजवळ ट्रॉलीनं उडवलं. मांडीला मोठी जखम, रक्त फार गेलं, दवाखान्यात आहे. मी किती वाजता म्हणून विचारलं नाही. लुनाचा रंगही विचारला नाही. त्याला तरी कुठून माहीत असणार.

लाल शाई खोडता येत नाही. रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही.

५ एप्रिल
दवाखान्यात जाणार होतो. भेटायची वेळ चार ते सहा, मला सुटायला साडेपाच. मध्ये राजदूतनं दगा दिला. चार किकांत चालू झाली, पण आवाज बरोबर नव्हता.

जेवण गेलं नाही. क्रांतीनं ताट झाकून ठेवलं.

६ एप्रिल
आज सुट्टी. गेलो. क्रांती आधीच दोनदा जाऊन आली होती, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

यल्लाप्पा कॉटवर, पाय टांगलेला, चेहरा राखेसारखा. त्याची बायको बायडाबाई उशाशी बसली होती. मला बघून उठली, स्टूल पुसून दिलं. म्हणाली, 'तुमी शिकल्यालं हाईसा. डाक्टर काय बोलून जात्यात कळत न्हाय. जरा इचारून सांगा की.' विचारलं. पाय राहील. पण जखमेवर दाब पडायला वेळ लागला, तोवर रक्त फार गेलं, पुढं मांडीत पू झाला. साच्याजवळ दिवसभर उभं राहणं आता जमायचं नाही. हे तिला मी सांगितलं. तिनं मान डोलावली आणि विचारलं, मग बसून करायचं काम कंपनी देईल का? बघतो म्हणालो.

त्याला वाचवलं ते तानाबाईनं. बाजाराला भाजी-माळवं घेऊन चाललेली बाई. टोपली तिथंच टाकली, पदर फाडून जखमेवर धरला आणि टेम्पो मिळेपर्यंत दोन्ही हातांनी दाबून बसली. कुठलं ट्रेनिंग नाही, कुठलं कार्ड नाही. तिच्या आधी किती गाड्या गेल्या ते यल्लाप्पानं मोजलं नव्हतं.

मग यल्लाप्पानं बायकोला पाणी आणायला पाठवलं. ती गेल्यावर म्हणाला, 'आण्णा, कारड आनलासा काय? मुदत सरत आली. द्या, सही करतो. कुनाला काय कळतंय. तुमची केबिन हुईल.'

कार्ड माझ्या खिशात होतं. घरून निघताना ठेवलं होतं. का ठेवलं, ते मला माहीत होतं. इतका वेळ माहीत नसल्यासारखं वागत होतो, एवढंच. खिशातून काढलं नाही. घरी राहिलं म्हणालो.

त्यानं अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाला, 'त्या दिशी म्या हाक मारल्याली तुमाला. गाडीच्या आवाजात ऐकू आली नसंल.'

नाही आली, म्हणालो.

'त्येच म्हनलं मी हिला,' यल्लाप्पा म्हणाला. 'आण्णाला ऐकू आलं असतं तर आण्णा थांबलं नसतं व्हय.'

घरी आलो. राजदूत लावली. क्रांती परत तिकडंच गेलीय, बायडाबाईसोबत रात्री थांबणार आहे.

हाक ऐकू आली होती. जोतीरामआण्णा, अशी. दोनदा.