पहिल्या फेरीतलं कुंकू

डोंबिवली,
सोमवार, २२ नोव्हेंबर १९५४

ती. आईंच्या चरणी मंदाकिनीचा साष्टांग नमस्कार.

कल्याण ते केवढं लांब, आणि ही बया पत्र लिहीत बसलीय, म्हणून हसाल. हसा. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी तुमच्याकडे फिरकले नाही, हे तुमच्या ध्यानात आलंच असणार. शाळा सुरू झाली, वह्या साठल्यात, विहिरीचं पाणी गढूळ येतंय, अशी कारणं मी रोज जमवते. बाकी सर्व क्षेम. जाऊबाईंच्या चकल्या बोटीवरच संपल्या, सगळ्यांनी नावाजल्या.

त्या बोटीचंच सांगायचंय. विजयदुर्गाला श्रीपाददादाकडे जायला म्हणून भाऊच्या धक्क्यावर गेले, तर काय थाट! नवी कोरी 'रत्नलक्ष्मी', तिची पहिलीच फेरी. पताका, बँडवाले, आणि रंग इतका ताजा की माझ्या पदराला हिरवा पट्टा उमटला. आपल्या कोकणी मंडळींना त्याचं काय? वळकट्या टाकून डेक अडवून मोकळे.

माझ्या शेजारी आमच्या आळीतले त्र्यंबकराव दामले होते, रेल्वेत नकाशे काढतात ते. सोबत त्यांची मुलगी हेमा. ती माझ्याच वर्गात आहे, तिची आई ती रांगत असतानाच गेली. ठरवून काही नव्हतं हो, त्यांचंही गाव तिकडेच.

अलिबाग मागे पडलं आणि हेमाला बोट लागली. पोर माझ्या मांडीवर डोकं टाकून निजली. त्र्यंबकराव लिंबू कापून तिच्या नाकाशी धरून बसले. तेवढ्यात देवगडच्या कुणी विमलाबाई करंडा घेऊन आल्या. नवी बोट म्हणजे नवी नवरी, पहिल्यांदा घराबाहेर पडलीय, तेव्हा सुवासिनींचं हळदीकुंकू व्हायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. कठड्याला बोटं ओढून झाली, मग एकेका बाईला लावत निघाल्या. माझं कपाळ बघितलं, हेमाला बघितलं, लिंबूवाल्यांना बघितलं आणि म्हणाल्या, "अगो बाय, घामान कुकू पुसला गेला तुजा." मी तोंड उघडेपर्यंत लावूनसुद्धा झालं.

आई, मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. त्र्यंबकरावांच्या हातातलं लिंबू मात्र खाली पडलं.

अख्खी बोट उलट्यांनी हैराण, आणि मी आपली मजेत. सुधीर गेल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. तुम्हाला हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कसं लिहू?

विजयदुर्गाला किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरायच्या आधी पुसलं. काठावर दादा उभा होता. हेमा म्हणाली, "बाई, का पुसलंत? छान दिसत होतं." त्र्यंबकराव हळूच म्हणाले, "मलाही तसंच वाटतं." तेव्हा एवढंच. गेल्या आठवड्यात मात्र त्यांनी लग्नाचं सरळ विचारलं. मी म्हटलं, आईंना विचारल्याशिवाय नाही.

दादाला विचारलेलं नाही. त्याच्या हो-नाहीवाचून माझं काही अडत नाही, तुमच्यावाचून अडतं. सुधीर गेले तेव्हा माझं काय करायचं याचा काथ्याकूट करणाऱ्या भाऊबंदांना चहासुद्धा न देता तुम्ही वाटेला लावलंत आणि मला ट्रेनिंग कॉलेजात घातलंत. तुमच्या मुलाची जागा मी दुसऱ्याला देतेय असं तुम्हाला वाटलं, तर मला हे लग्न नको. पण मनातून मला हवंय, आई. समोर बसून हे तोंडातून फुटलं नसतं.

उत्तर लांबलचक लिहू नका. पत्ता लिहिताना नेहमीसारखं माझ्या नावाआधी 'गं. भा.' घातलंत, तर मी समजेन आणि पुढच्या रविवारी काही न झाल्यासारखी जेवायला येईन. नुसतं 'मंदाकिनी' लिहिलंत, तर पाकीट पोस्टमनच्या हातात असतानाच मला कळेल.

काहीही लिहिलंत तरी
तुमचीच,
मंदा