उणे एकतीसला दोनशे दहा

१८ नोव्हेंबर, सोमवार
विजेची गाडी थापा मारते! सकाळी पडद्यावर चारशे दहा किलोमीटर. बारा किलोमीटरवरच्या दुकानात जाऊन आले, तर तीनशे साठ. बाहेर उणे चौदा. पोस्टाची डिझेल व्हॅन तीस वर्षं चालवली. खडखडायची, पण खोटं बोलायची नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
गावच्या नर्सचा, सुन्निवाचा फोन. "तुमच्या भावाच्या किडन्या गेल्यात." आठवड्यातून तीनदा डायलिसिस, शहरातल्या हॉस्पिटलात. पेशंटची टॅक्सी आणखी तिघांना गोळा करत जाते, सगळ्यांचं होईपर्यंत थांबते. परतीच्या वाटेवर त्याला दोनदा उलटी झाली. "तुमच्याकडे गाडी आहे ना, बोर्गहिल्ड?"

गाडी आहे. पण तोरमोडशी मी चार वर्षं बोललेले नाही. माझा नवरा मागनार गेला तेव्हा अंत्यविधीला अख्खं गाव आलं, हा नाही. सख्खा धाकटा भाऊ! दोन किलोमीटरवर घर!

"बघते," म्हटलं.

२२ नोव्हेंबर
बघितलं. सोमवारपासून.

२५ नोव्हेंबर, सोमवार
जाताना एकशे अठ्ठेचाळीस किलोमीटर, येताना तेवढेच. तो मागच्या सीटवर बसला — टॅक्सीत बसल्यासारखा. जाताना म्हणाला, "थंडी आहे." मी म्हटलं, "हो." येताना झोपला, किंवा तसं दाखवलं.

त्याचे चार तास मशीनवर, गाडीचे चार तास हॉस्पिटलच्या चार्जरवर. मी कॅन्टीनमध्ये. मला कुणी कुठे लावलं नाही.

४ डिसेंबर, बुधवार
शिकले. निघण्याआधी अर्धा तास, गाडी घरच्या विजेला लावलेली असतानाच आतून तापवून घ्यायची. मग वाटेत बॅटरी कमी खाते. आणि सगळ्यात जास्त खातो हीटर. म्हणून तो अगदी कमी ठेवला.

मागून आवाज — "ताई, हॉस्पिटलला चाललोय की थेट शवागारात?"

"पुढच्या सीटला गरम गादी आहे. यायचं तर ये."

आला. एकदाचा.

१३ डिसेंबर, शुक्रवार
उणे एकतीस. पडदा म्हणतो दोनशे दहा. उन्हाळ्यात याच बॅटरीत चारशे तीस जायचे!

अर्ध्या वाटेवर, हिवाळ्यात बंद असलेल्या उपाहारगृहापाशी चार्जर आहे. तिथे थांबलो. पण बॅटरी इतकी गारठलेली की वीज घेईना. पन्नास मिनिटं लागली. मी गाडीला शिव्या दिल्या. तोरमोड म्हणाला, "तिला कशाला बोलतेस? मलाही चार तास लागतात."

हसू आलं. खिडकीकडे तोंड करून हसले.

२४ डिसेंबर
दारात दोन रानकोंबड्या, साफ करून, कागदात गुंडाळून. चिठ्ठी नाही. असं न बोलता देणारा गावात दुसरा कोण आहे!

८ जानेवारी, बुधवार
हात अजून नीट हलत नाहीत, तरी लिहून ठेवते.

घाटाच्या पायथ्याशी फाटक बंद. वर वादळ. बर्फ उपसणारं मोठं यंत्र येणार आणि त्याच्यामागून सगळ्यांनी रांगेने जायचं. कधी? "दोन-अडीच तास," फाटकावरचा माणूस म्हणाला आणि आपल्या डिझेलच्या गाडीत जाऊन बसला. उबेत!

आमच्याकडे चव्वेचाळीस टक्के. पुढे साठ किलोमीटर, चढ आणि समोरून वारा. चाळीस तरी लागणार. चार टक्क्यांत अडीच तास हीटर बसत नाही. परत फिरायचं तर मागे अठ्ठ्याऐंशी, आणि अर्ध्या वाटेवरचा चार्जर आज बंद पडलेला. आणि आजची फेरी चुकली तर अंगातलं पाणी फुप्फुसात उतरेल, असं सुन्निवाने बजावलेलं. त्याचा चेहरा आधीच सुजलेला.

हीटर बंद केला. गादीही. रेनडियरचं कातडं दोघांच्या मांडीवर. काचा आतून गोठल्या. बाहेरचं काही दिसेना.

तासाभराने तो बोलला. समोर बघत.

"मी आलो होतो, ताई. मागनारच्या वेळी."

"खोटं बोलू नकोस."

"चर्चच्या आवारात होतो. गाडीत." मग म्हणाला, "बूट पायात जाईनात. सकाळपासून खटपट केली. पाय नुसते भोपळे झालेले. मला वाटलं, खाऊन सुटलोय. काळा सूट आणि पायात नुसते मोजे. असा कसा येणार आत? सगळ्या गावासमोर?"

"नंतर का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? बूट बसले नाहीत, म्हणून मेव्हण्याला निरोप दिला नाही?"

चार वर्षं. म्हणजे पाय तेव्हाच सुजत होते. मी बोलत असते तर दिसले असते. कुणाला तरी दिसले असते!

मी त्याच्या मांडीवरचं कातडं नीट केलं. तो म्हणाला, "असू दे." पण काढलं नाही.

पावणेतीन तासांनी यंत्र आलं. रांगेत आम्ही शेवटचे. हॉस्पिटलच्या दारात तीन टक्के उरले होते. नर्सने त्याला तसाच आत नेला. मी गाडी चार्जरला लावली, आत बसले आणि मग खूप रडले. हीटर पूर्ण चालू करून.

१० जानेवारी, शुक्रवार
वाटेत मागनारबद्दल विचारत होता. शेवटी त्रास झाला का. सगळं सांगितलं. एकशे अठ्ठेचाळीस किलोमीटर पुरले नाहीत.

२७ जानेवारी, सोमवार
घाटावर सूर्य दिसला. हिवाळ्यातल्या दोन महिन्यांच्या काळोखानंतर. तो म्हणाला, "काच पूस, ताई, घाण आहे." पुसली.

२६ फेब्रुवारी, बुधवार
पत्र आलं. एप्रिलपासून आमच्याच आरोग्य केंद्रात डायलिसिसचं मशीन बसणार. त्याच्या घरापासून चार किलोमीटर! सुन्निवा फोनवर आनंदाने ओरडत होती. मीही ओरडले. आता घाट नाही, चार्जर नाही, टक्के मोजणं नाही. तोरमोडला पत्र वाचून दाखवलं. त्याने घडी घालून खिशात ठेवलं.

घरी आले. गाडी विजेला लावली. जेवावंसं वाटेना.

३ मार्च, सोमवार
सुन्निवा चिडलीय. तोरमोडने नको म्हणून कळवलं! त्याला विचारलं, का रे? म्हणाला, "तिथे रेडिओ फार मोठ्याने लावतात."

मशीनची ती खोली अजून बांधूनही झालेली नाही.

उणे अठरा. निघतो आम्ही.